नॅशव्हिलचे तळघर आणि दहा बाय बाराच्या खोलीतले मिक्सिंग

१९५४ साली अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात ओवेन ब्रॅडली आणि हॅरॉल्ड ब्रॅडली या दोघा भावांनी एक जुने राहते घर विकत घेतले. गाणी रेकॉर्ड करण्यासाठी त्यांना जागा हवी होती. तळघराचे छत बुटके पडत होते, म्हणून त्यांनी वरच्या मजल्याची फरशीच काढून टाकली. पुढच्या वर्षी घरामागे लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानातली अर्धगोल पत्र्याची शेड उभी केली. तिला तेथील लोक 'क्वॉन्सेट हट' म्हणत. या पत्र्याखाली पॅट्सी क्लाईन गायली, मार्टी रॉबिन्स गायला आणि 'कंट्री' संगीताच्या कितीतरी गाजलेल्या रेकॉर्ड तेथून बाहेर पडल्या. त्या घराभोवतीच्या साध्या वस्तीला आज 'म्युझिक रो' म्हणून सारे जग ओळखते. घरगुती स्टुडिओ हा कॉम्प्युटरने आणलेला नवा प्रकार आहे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कष्टकऱ्यांचे गाणे. कापूस वेचणारे, कोळशाच्या खाणीत उतरणारे, सूतगिरणीत राबणारे, मालगाड्यांवर काम करणारे लोक हे गाणे म्हणत आले. पगार पुरत नाही, नवरा दारू पितो, आई आठवते, तुरुंगाच्या खिडकीतून आगगाडीचा आवाज येतो, असे त्याचे विषय. साधारणपणे १९५० ते १९७० च्या दशकांतल्या गाण्यांना 'क्लासिक कंट्री' म्हणतात. हे गोऱ्यांचे संगीत असा त्याचा बोलबाला करण्यात आला, पण त्यातला बँजो हा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वाद्यापासून झाला आहे. नॅशव्हिलच्या रेडिओवरील 'ग्रँड ओल ऑप्री' या सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रमाचा सुरुवातीच्या काळातील मोठा कलावंत डीफोर्ड बेली हा काळा माणूस होता. बालपणी पोलिओ झालेला हा गृहस्थ तोंडाच्या बाजावर अख्खी आगगाडी उभी करीत असे. १९४१ साली त्याला कार्यक्रमातून काढून टाकण्यात आले आणि पुढे बुटांना पॉलिश करण्याच्या दुकानावर त्याने पोट भरले. कंट्रीच्या सन्मान दालनात त्याचे नाव लागले ते २००५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. मिसिसिपीतील वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या, लहानपणी कापूस वेचणाऱ्या चार्ली प्राईड याची पहिली रेकॉर्ड १९६६ साली रेडिओ केंद्रांकडे गेली, तेव्हा कंपनीने सोबत त्याचा फोटो पाठविला नाही. लोकांनी आधी आवाज ऐकावा आणि रंग नंतर कळावा, असा तो हिशोब होता. पाच वर्षांनी, १९७१ साली, तोच चार्ली प्राईड कंट्रीतला वर्षाचा सर्वश्रेष्ठ कलावंत ठरला.

हे सर्व आज सांगण्याचे निमित्त निराळे आहे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबातील मुलगा दिवसा कुरियरच्या गोदामात काम करतो आणि रात्री घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत गाण्यांचे मिक्सिंग शिकतो. एक कॉम्प्युटर, एक साउंड कार्ड, दोन छोटे स्पीकर, हेडफोन आणि भिंतीला टांगलेल्या आईच्या दोन गोधड्या एवढाच त्याचा स्टुडिओ. शिकणाऱ्यांसाठी इंटरनेटवर खऱ्या बँडचे सुटे ट्रॅक मोफत मिळतात. त्यातले एका खोलीत एकदम वाजविलेल्या क्लासिक कंट्री बँडचे रेकॉर्डिंग त्याने उतरवून घेतले होते. आम्ही कोणतेही वाद्य वाजवीत नाही. जयंतीच्या कार्यक्रमात मंचामागे उभे राहून गायन पार्टीचे माईक, वेळ आणि मानधन सांभाळणे, एवढाच आमचा संगीताशी संबंध. पण या कामासाठी चार रात्री आम्ही त्याच्या शेजारी स्टुलावर बसलो, आणि जे शिकलो ते आपल्या मुला-मुलींच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

प्रथम बँड कसा असतो ते पाहू. एक गायक, त्याच्या हातात साधी गिटार. दुसरी विजेची गिटार, तिचा आवाज टणक आणि टोकदार. माणसाच्या उंचीचा उभा बेस. लहानसा ड्रम. एक फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच. आणि पेडल स्टील गिटार. ही टेबलासारखी पुढ्यात मांडलेली असते; तारेवर धातूची कांडी सरकवून, पायाने पेडल दाबून आणि गुडघ्याने खटके हलवून वादक तिचा स्वर ओढतो. मूळची ही चाल हवाई बेटांवरची. ज्यांनी जुन्या हिंदी चित्रपटगीतांतली हवाईयन गिटार ऐकली आहे, त्यांना हा रडवा सूर परका वाटणार नाही. बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो, गिटारची किंवा ड्रमची थाप दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येते. पाय आपोआप हलू लागतो.

आता लाईव्ह रेकॉर्डिंगची खरी गंमत. प्रत्येक वाद्यापुढे वेगळा माईक असला, तरी सारे एकाच खोलीत वाजत असल्याने प्रत्येक माईकमध्ये सर्वांचेच आवाज थोडेथोडे शिरतात. याला 'लीकेज' म्हणतात. पहिल्याच रात्री त्या मुलाने गायकाचा ट्रॅक एकटा ऐकविला आणि कपाळाला हात लावला. "काका, ह्याच्या माईकमध्ये आख्खा ड्रम घुसलाय. काढून टाकू का?" मग त्याने गायक थांबतो त्या प्रत्येक जागी तो ट्रॅक बंद करून पाहिला. झाले असे की गायक गात असताना ड्रमचा आवाज मोकळा, भरदार यायचा आणि गायक थांबला की तोच ड्रम एकदम कोरडा, डब्यात कोंडल्यासारखा. प्रत्येक ओळीला ड्रमचा रंग बदलू लागला. त्याने गुपचूप सर्व कापाकापी मागे घेतली.

लाईव्ह बँडच्या मिक्सिंगचा पाया येथेच आहे. सुटे ट्रॅक ही सुटी माणसे नव्हेत. कारकुनी भाषेत सांगायचे तर प्रत्येक खात्यात दुसऱ्या खात्याची थोडी रक्कम जमा असते; एक खाते बंद केले की सगळ्या वहीचा ताळमेळ बिघडतो. म्हणून कामाची सुरुवात कापण्याने करू नये. सर्व ट्रॅक चालू करावेत, फेडर साधारण एका पातळीवर ठेवावेत आणि गाणे दोन-तीनदा नुसते ऐकावे. बँड चांगला असेल तर निम्मे मिक्सिंग वादकांनीच करून ठेवलेले असते. १९२७ साली ब्रिस्टल गावातील टोपीच्या एका जुन्या गोदामात कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली रेकॉर्डिंग झाली, तेव्हा फेडर नव्हते आणि सुटे ट्रॅकही नव्हते. ज्याचा आवाज मोठा त्याने मागे सरायचे, ज्याचा लहान त्याने माईकजवळ यायचे, हेच मिक्सिंग.

यानंतरची पायरी बारकाईची आहे. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. ड्रम आपल्या माईकमध्ये लगेच पोहोचतो आणि सहा फुटांवरच्या गायकाच्या माईकमध्ये पाच-सहा मिलिसेकंद उशिरा. हे दोन आवाज एकत्र आले की काही स्वर एकमेकांना वाढवितात आणि काही एकमेकांना खाऊन टाकतात. मग ड्रम पोकळ वाटतो, बेस पातळ होतो. प्रत्येक मिक्सिंगच्या प्रोग्राममध्ये ट्रॅकची लहर उलटी करण्याचे एक बटण असते. एकेका ट्रॅकवर ते दाबून पाहावे आणि ज्या बाजूला बेस जास्त भरदार येईल ती बाजू ठेवावी. याला पैसा लागत नाही, केवळ कान लागतो. रेकॉर्डिंग आपणच करणार असू तर जाणकारांचा एक नियम आहे: वाद्यापासून माईक एक फुटावर असेल, तर दुसरा माईक त्यापासून किमान तीन फूट दूर ठेवावा. निम्मा त्रास तेथेच संपतो.

दुसऱ्या रात्री खोलीनेच आम्हाला फसविले. आमच्या स्टुलावर बेसचा एक स्वर असा घुमे की काच थरथरावी, आणि मुलाच्या खुर्चीत तोच स्वर जवळजवळ गायब. तो म्हणे वाढवू, आम्ही म्हणतो कमी कर. दोघेही आपापल्या जागी खरे होतो. दहा फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंती साधारण छप्पन हर्ट्झचा स्वर आपल्यात कोंडून ठेवतात. उभ्या बेसची मोकळी 'ए' तार पंचावन्न हर्ट्झला वाजते. म्हणजे आपल्या घरांच्या मापाची खोली नेमकी त्याच स्वराशी खेळते: भिंतीपाशी तो फुगतो, मधोमध नाहीसा होतो. गोधड्यांनी वरचे चिरके आवाज शोषले जातात. बेसला गोधडी पुरत नाही, त्याला कोपऱ्यात जाडजूड गादी किंवा कापसाचे गठ्ठे लागतात. तेही शक्य नसेल तर खुर्ची खोलीच्या अगदी मधोमध ठेवू नये, स्पीकर भिंतीला चिकटवू नयेत आणि बेसचा निर्णय हेडफोनवर पडताळल्याशिवाय पक्का करू नये. पहिल्या रात्री त्याने खोलीवर विश्वास ठेवून बेस वाढविला होता. सकाळी तेच गाणे शेजाऱ्यांच्या मोठ्या स्पीकरवर लावले तेव्हा गायक बेसखाली गाडला गेला होता.

आणि कंट्रीत गायक गाडला गेला तर काहीच उरत नाही. या गाण्याचा जीव शब्दांत आहे. खाणीतल्या बापाची गोष्ट सांगणारी मुलगी काय म्हणते ते शेवटच्या बाकावरच्या माणसाला कळले पाहिजे. म्हणून सर्व वाद्ये गायकाभोवती रचावीत. स्टील गिटार आणि फिडल यांचे काम ओळ संपल्यावर उत्तर देण्याचे, जशी आपल्याकडे झील. दोघे एकदम बोलू लागले तर गोंधळ. चांगले वादक आपापसात कडवी वाटून घेतात: पहिल्या कडव्याला स्टील, दुसऱ्याला फिडल. मिक्सिंग करणाऱ्याने फक्त बोट फेडरवर ठेवून ओळ संपताच त्या वाद्याला किंचित वर आणावे आणि गायकाने तोंड उघडताच खाली घ्यावे. चार्ली प्राईडचा १९६९ साली निघालेला लाईव्ह अल्बम टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या पँथर हॉलमध्ये रेकॉर्ड झाला आहे. त्यात लॉइड ग्रीन याची स्टील गिटार कशी ओळींच्या मधून वाट काढते ते ज्याला हे काम शिकायचे आहे त्याने ऐकावे.

शब्द स्वच्छ करण्यासाठी काय करावे? गायकाच्या ट्रॅकमधील ऐंशी हर्ट्झखालचा भाग कापला तर बेसची गळती कमी होते आणि आवाजाला धक्का लागत नाही. फिडलचा सर्वांत खालचा स्वर एकशे शहाण्णव हर्ट्झचा. त्याच्या बऱ्याच खाली जे काही आहे ते इतरांचे आहे, ते काढावे. 'कॉम्प्रेसर' मात्र जपून. मोठा आवाज दाबून लहान वर आणणे हे त्याचे काम. पण लाईव्ह ट्रॅकवर तो लहान आवाज म्हणजे लीकेज असते. जास्त कॉम्प्रेशन केले की गायक श्वास घेताच मागचा ड्रम उसळी मारून पुढे येतो. त्यापेक्षा हाताने एकेका शब्दाचा फेडर सारखा करणे वेळखाऊ असले तरी खात्रीचे. आमच्या त्या मुलाने एका गाण्याला दोन तास दिले. त्याची आई चहा ठेवून गेली, तो थंड झाला.

ईकोचा मोह सर्वांना असतो. जुन्या नॅशव्हिल रेकॉर्डमधला तो मखमली घुमारा जर्मनीत १९५७ साली निघालेल्या, सुमारे दोन मीटर लांबीच्या स्टीलच्या पातळ पत्र्यातून किंवा रिकाम्या फरसबंद खोलीतून येत असे. आता त्याची नक्कल कॉम्प्युटरमध्ये फुकट मिळते. पण लाईव्ह रेकॉर्डिंगमध्ये खोली आधीच आलेली असते. गायकाला आणि स्टीलला चिमूटभर, ड्रमला जवळजवळ नाही, एवढे पुरे. आपल्या काही कॅसेटवर गाणाऱ्याचा शब्द ईकोमुळे तिसऱ्यांदा ऐकू येईपर्यंत पुढची ओळ संपलेली असे. असो.

डावी-उजवी वाटणी करताना बँड ज्या जागी बसला होता ती जागा पाळावी. फिडल गायकाच्या उजवीकडे वाजले असेल तर त्याची गळती उजवीकडच्या माईकमध्ये जास्त आहे. आपण ते डावीकडे नेले तर ते दोन ठिकाणी वाजल्यासारखे होते. शेवटी सर्व एकाच स्पीकरवर, मोबाईलवर ऐकावे. मंडपातले कर्णे बहुधा एकच आवाज सर्वत्र देतात. तेथे एखादे वाद्य गायब होत असेल तर आधी सांगितलेले उलटे बटण पुन्हा तपासावे. आणि सर्व काम बोलण्याच्या आवाजाइतक्या पातळीवर करावे. मोठ्या आवाजात बेस आणि चिरकेपणा दोन्ही जास्त वाटतात, कान थकतो, आणि चाळीत शेजारी असतात.

चूक किती दुरुस्त करावी यावर आमचा आणि त्या मुलाचा वाद झाला. गायकाचा एक स्वर उतरला होता. १९९७ पासून स्वर आपोआप सरळ करणारा प्रोग्राम बाजारात आहे. त्याने तो लावला; गायकाचा स्वर सुधारला, पण त्याच्या माईकमधली स्टील गिटारही त्यासोबत सरकली आणि खऱ्या स्टीलशी भांडू लागली. स्वर तसाच राहिला. उलट उदाहरणेही आहेत. १९६१ साली पॅट्सी क्लाईन मोटार अपघातात जबर जखमी झाली होती. त्यानंतर 'क्रेझी' या गाण्याच्या वेळी बरगड्यांच्या दुखण्याने तिला वरचे स्वर घेता येईनात. बँडचे रेकॉर्डिंग करून ठेवले आणि काही आठवड्यांनी येऊन तिने आपला आवाज वेगळ्या ट्रॅकवर दिला. त्याच सुमारास मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात यंत्राचा एक चॅनल बिघडून गिटार भसाड्या आवाजात गुरगुरली. तो बिघाड तसाच ठेवला आणि पुढे तोच आवाज मुद्दाम काढण्याची यंत्रे विकली गेली. या दोन्ही गोष्टी आम्हाला मान्य आहेत. जॉनी कॅशने १३ जानेवारी १९६८ रोजी फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे केलेल्या कार्यक्रमाच्या अल्बमचे मात्र वेगळे. खुनाच्या एका ओळीवर कैदी जल्लोष करतात, असे त्यात ऐकू येते. तो जल्लोष नंतर स्टुडिओत चिकटविलेला आहे. प्रत्यक्षात कैदी त्या ओळीला गप्प होते. रेकॉर्ड खपली, पण त्या माणसांच्या तोंडी जे नव्हते ते घातले गेले. हे आम्हाला पटत नाही.

आपल्याकडच्या गायन पार्टीचे रेकॉर्डिंगही असेच असते. गायक, पेटी, ढोलकी, कोरस सारे एका सतरंजीवर. ढोलकी गायकाच्या माईकमध्ये, पेटी कोरसच्या माईकमध्ये. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ साली गेले. त्यांचे जे कार्यक्रम कोणी तरी टेपवर उतरवून ठेवले तेवढेच आता आहेत. ते पुन्हा कोणी गाऊन देणार नाही. अशी एखादी कॅसेट घरात असेल तर ती कॉम्प्युटरवर घेतल्यावर मूळ फाईल हात न लावता वेगळी ठेवावी, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत करावी आणि प्रयोग फक्त नकलेवर करावेत. आवाज 'स्वच्छ' करताना मागचे टाळ्यांचे, लेकरांचे आवाज खरडून काढू नयेत. गायकाच्या वरच्या पट्टीचा कणही त्यासोबत जातो.

आणखी एक. त्या काळच्या नॅशव्हिलच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर गायकाचे नाव मोठे असे, वाजविणाऱ्यांची नावे बहुधा नसत. दिवसाला तीन-तीन तासांची सत्रे करून, प्रत्येक सत्रात चार-चार गाणी उरकणारे ते वादक कोण, हे लोकांना फार उशिरा कळले. फाईलला नाव देतानाच गायक, प्रत्येक वादक, गीतकार, गाव, तारीख आणि कार्यक्रम कोणी ठेवला होता हे लिहून टाकावे. त्या मुलाने यासाठी एक वही केली आहे. त्याच्याकडे मिक्सिंगला आलेल्या पहिल्या गायन पार्टीची नावे तिच्यात लिहून झाली आहेत. फक्त ढोलकीवाल्याच्या नावापुढे 'मामा' एवढेच आहे. रविवारी विचारून पूर्ण नाव लिहायचे ठरले आहे.